तपासनीस गुलाब चोरतात

तपासनीस साहेबांवर सगळ्या जगाचा विश्वास होता आणि त्यांचा जगातल्या कोणावरही नव्हता. त्यांची नोकरीच तशी होती. बस डेपोंच्या भांडारांत माल जागेवर आहे की नाही, हे बघत ते फिरत. भांडारपाल म्हणे, "साहेब, त्या खोक्यात बोल्ट आहेत." साहेब म्हणत, "बाहेर काढा." भांडारपाल म्हणे, "साहेब, खोकं सीलबंद आहे." साहेब म्हणत, "तरी काढा." असा एकेक बोल्ट उजेडात धरून पाहिल्याशिवाय डेपोचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. आणि चोर पकडण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. एकदा एका मेकॅनिकच्या टोपीखालून त्यांनी बेअरिंग काढलं होतं. तेव्हापासून त्यांच्यासमोर यायचं झालं तर माणसं टोपी आधीच काढून हातात धरत, आणि साहेबांना वाटे की हा आदर आहे.

घरीसुद्धा हा बाणा सुटत नसे. बायकोने "डब्यात बिस्किटं आहेत" म्हटलं तर ते झाकण उघडून बघत आणि मग "आहेत" असं तिलाच सांगत. बायको हरकत घेत नसे. हरकत घ्यायलाही अंगात एक उत्साह लागतो, आणि तिचा तो मुलांना वाढवण्यात केव्हाच संपला होता.

असल्या माणसाच्या हाती गुलाब पडला, म्हणून ही गोष्ट सांगावी लागते आहे.

गुलाब मावशीचा. मावशी म्हणजे साहेबांच्या आईची धाकटी बहीण. उंचीने बेताची, आवाजाने दणदणीत, आणि हल्ली दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेली. तिच्या बैठ्या घराच्या फाटकाशी तो गुलाब होता, म्हणजे फाटक त्याच्या आधाराने उभं होतं. रंग फिकट गुलाबी, पाकळ्या इतक्या दाट की फूल उमलल्यावर मान खाली घालायचं. हल्लीचे गुलाब दिसायला देखणे असतात, ताठ उभे राहतात, आणि नाकाशी नेले तर कागदासारखे लागतात. हा उलटा. दिसायला साधा, पण वास असा की वाटेने भांडत चाललेलं नवरा-बायकोचं जोडपं फाटकापाशी आलं की वाक्य विसरायचं. त्याला नाव नव्हतं. नर्सरीवाल्यांना विचारलं तर ते "आता असला माल येत नाही" एवढंच सांगत. सगळे त्याला मावशीचा गुलाब म्हणत, आणि मावशीने तो कुठून आणला, हे ती कोणालाही सांगत नसे. विचारलं की हसायची आणि विषय बदलायची.

गुडघ्यांपुढे शेवटी मावशीला हार खावी लागली. घर विकायचं ठरलं. साहेबांच्याच इमारतीत तळमजल्यावर एक जागा रिकामी होती, समोर हातभर अंगण होतं. पण सही करायच्या वेळी मावशीने पेन खाली ठेवलं.

"गुलाब येणार असेल तर मी येते," ती म्हणाली.

झाड उपटून नेणं अशक्य होतं. मुळं कुंपणाच्या भिंतीखाली इतकी खोल गेली होती की ओढली असती तर भिंत आली असती, झाड आलं नसतं. घर घेणारा तिथे गाड्या उभ्या करणार होता, तेव्हा झाड जाणार हे नक्की. राहता राहिला एकच उपाय, फांद्या कापून नव्याने लावायच्या. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा साहेब खुर्चीतून उठले.

"मावशी, तू बिनधास्त सही कर. गुलाबाची जबाबदारी माझी."

"तुझी?" मावशीच्या आवाजात आनंदापेक्षा काळजी जास्त होती, असं बायकोचं म्हणणं आहे.

"माझ्या ताब्यातली वस्तू आजवर हरवलेली नाही."

मावशीने पेन उचललं आणि सही केली. तिने आयुष्यभराचं घर एका वाक्याच्या भरवशावर सोडलं, ही गोष्ट साहेब त्या क्षणी विसरले असतील, पण पुढे काही महिने त्यांना ती विसरता आली नाही.

फांद्या आणायला साहेब रविवारी गेले. बरोबर कात्री, ओला टॉवेल, पिशवी, सगळी तयारी. आता इथे जे घडलं ते नीट ऐका. साहेब म्हणाले, "मावशी, फांद्या दे." मावशी जरा चुळबुळली. म्हणाली, "बस तू इथे पायरीवर. मी चहा टाकते." आणि आत गेली. साहेब तिच्या मागोमाग आत गेले. म्हणाले, "चहा कशाला, आधी काम." मावशी बाहेर आली. थोड्या वेळाने म्हणाली, "अगबाई, दूध उतू जाईल," आणि पुन्हा आत गेली. साहेब पुन्हा मागोमाग. "दूध मी बघतो, तू फांद्या काढ." तिसऱ्या वेळी मावशीने चष्मा आत राहिल्याचं सांगितलं. चष्मा तिच्या नाकावरच होता, हे साहेबांनी तिच्या लक्षात आणून दिलं. असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

"अरे, तू जरा एकटा थांब ना झाडापाशी," मावशी काकुळतीला येऊन म्हणाली.

"छे! मालकाच्या गैरहजेरीत मी कुठल्याही वस्तूला हात लावत नाही. तू तुझ्या हाताने काप आणि माझ्या हातात दे."

मावशीने मोठा सुस्कारा सोडला, फांद्या कापल्या आणि दिल्या. देताना तिचा चेहरा असा होता, जणू ती त्या फांद्यांना शेवटचा निरोप देत होती. साहेबांनी तिचे रीतसर, दोनदा आभारही मानले. ते ऐकून तिने कपाळाला हात लावला.

फांद्या घरी आल्या आणि सोसायटीला कळलं. सोसायटीत एखाद्याला ताप आला तर कळायला दोन दिवस लागतात, पण कुंडी आली की जिना चढायच्या आत कळतं. सेक्रेटरी स्वतः वर आले. हे सेक्रेटरी म्हणजे नियमांचं चालतं-बोलतं बाड. गॅलरीत झाड लावायला कमिटीची परवानगी लागते, कारण पाणी खालच्यांच्या कपड्यांवर ठिबकतं. साहेब म्हणाले, परवानगी द्या. सेक्रेटरी म्हणाले, देऊ, पण हे झाड आहे का?

हा प्रश्न कमिटीपुढे गेला. कमिटीने त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी असं ठरलं, की ज्याला मुळं नाहीत ते झाड नव्हे, ते लाकूड. लाकूड गॅलरीत ठेवायला परवानगी लागत नाही. मुळं फुटली की मात्र ते झाड होईल.

"तेव्हा साहेब," सेक्रेटरी म्हणाले, "मुळं फुटतील त्या दिवशी लगेच कळवायचं. एक दिवससुद्धा बेकायदा झाड चालणार नाही."

दुसरा कोणी असता तर "बरं" म्हणून विसरला असता. साहेबांनी ते मनावर घेतलं. कळवायचं तर कळायला हवं, आणि कळायचं तर बघायला हवं. रोज सकाळी दात घासून झाले की ते गॅलरीत जात, एकेक फांदी हळूच मातीतून वर काढत, उजेडात धरून खालचं टोक फिरवून बघत आणि "नाहीत" असं म्हणून परत खोचत.

"अहो, असं उपटून बघू नका," बायको म्हणायची.

"उपटत नाही. तपासतो."

"फांदीला काय कळतंय त्यातला फरक?"

साहेब हसले. बायकांना प्रत्यक्ष पडताळणीचं महत्त्व कळत नाही, असं त्यांना वाटलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती.

इकडे सल्ल्यांना ऊत आला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, फांदी बटाट्यात खोचून मग बटाटा पुरायचा. समोरच्या दारच्या काकू म्हणाल्या, टोकाला मध लावा. साहेबांनी निम्म्या फांद्यांना मध लावला आणि निम्म्यांना बटाटे. मधाला मुंग्या आल्या. त्या मुंग्या गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून साखरेच्या डब्यात आणि तिथून साहेबांच्या ऑफिसच्या पिशवीत गेल्या, आणि एका डेपोत त्यांनी मोठ्या रुबाबात पिशवी उघडली तेव्हा भांडारपाल आणि साहेब दोघेही मागे सरले. बटाट्यांचं मात्र उत्तम झालं. त्यांना कोंब आले, पानं आली. हिरवं दिसल्याबरोबर साहेबांनी आनंदाने सगळ्या घराला हाक मारली. बायकोने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अभिनंदन. बटाटा झाला."

एकेक फांदी काळी पडत गेली. साहेबांनी तपासणी वाढवली. सकाळची होतीच, संध्याकाळचीही सुरू केली.

आणि अशातच फोन आला. घर घेणाऱ्याचा कंत्राटदार ठरल्या मुदतीच्या आधीच कामाला लागला होता. साहेब ऑफिस सोडून धावले. पोचले तेव्हा फाटकाच्या जागी सपाट माती होती. भिंत गेली होती, झाड गेलं होतं, खडी टाकायचं काम चाललं होतं. वास मात्र अजून होता. साहेब त्या वासात उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाला काय विचारावं, ते सुचेना. कंत्राटदार म्हणाला, "काय हरवलंय का साहेब?" ते "नाही" म्हणाले.

त्या संध्याकाळी मावशीने फोन केला. नव्या जागेची डागडुजी आणि रंग होईपर्यंत ती पुतणीकडे राहिली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"गेलं म्हणे झाड," ती म्हणाली. आवाज नेहमीचा दणदणीत नव्हता. "असू दे. तुझ्याकडच्या आहेत ना रे फांद्या?"

साहेबांनी गॅलरीकडे पाहिलं. कुंड्यांत काळ्या काड्या आणि टवटवीत बटाटे होते.

"आहेत," साहेब म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यांच्या खोटेपणावर ज्यांचं घर चाललं, ते आज स्वतः खोटं बोलले होते, आणि तेही मावशीशी. बायकोने पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा तिला नवऱ्याची दया आली, असं ती सांगते. त्याआधी नुसता राग आणि प्रेमच होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे बैठक बसली. हेडमास्तर, काकू, बायको, आणि आरोपीच्या जागी साहेब.

"मला सांगा, फांद्या आणल्या कशा?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मागून."

"मागून!" हेडमास्तर आणि काकू एकदम ओरडले.

"मग काय करायचं?"

"अहो तपासनीस, मागून आणलेलं झाड कधी जगतं का? चोरून आणायचं असतं! माझ्या दारातला मनीप्लांट बँकेतला. जास्वंद शाळेच्या इन्स्पेक्टरच्या घरची."

"आणि आभार मानले नाहीत ना?" काकूंनी घाबरत घाबरत विचारलं.

साहेब छताकडे बघू लागले.

"मानले!" बायको म्हणाली. "दोनदा."

साहेबांनी बाजू मांडून पाहिली. चोरीचा आणि मुळं फुटण्याचा संबंध काय, फांदीला कसं कळणार, वगैरे. पण मागून आणलेलं सगळं मेलं होतं आणि चोरलेली जास्वंद हेडमास्तरांच्या खिडकीत डुलत होती. पुराव्यापुढे मान तुकवायची त्यांना सवय होती.

तो गुलाब गावात आणखी एका ठिकाणी आहे, एवढं काकूंना ठाऊक होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे. मागे दाढ काढायला गेल्या तेव्हा खिडकीतून वास आला होता, आणि त्या वासामुळे आपल्याला इंजेक्शन कमी लागलं, असं त्यांचं ठाम मत होतं. मागच्या अंगणात जायला दवाखान्यातूनच वाट होती. म्हणजे चोरी करायची तर आधी दात दाखवायला हवा.

"तुमचा एखादा दुखतो का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"एकही नाही," साहेब अभिमानाने म्हणाले.

"काही हरकत नाही. त्या शोधतील."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तपासनीस साहेब चोरीला निघाले. पिशवीत ओला रुमाल होता. कात्री बायकोने काढून घेतली होती, कारण पकडले गेलेच तर हत्यार सापडू नये. वेळ आली तर हाताने मोडा, म्हणाली. या बाईच्या डोक्यात असल्या गोष्टी कुठून येतात, याचं साहेबांना नवल वाटलं आणि थोडी भीतीही. वाटेत त्यांना प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. टोपीत बेअरिंग लपवलेल्या त्या मेकॅनिकची त्यांना एकदम आठवण झाली, आणि त्याच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. किती धीराचा माणूस! चालताना मानसुद्धा हलू दिली नव्हती.

डॉक्टरीणबाई उंच, करारी, कमी बोलणाऱ्या. साहेबांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील, पण म्हणाल्या, "या काका, तोंड उघडा." काका! साहेबांनी ते गिळलं. तोंड उघडंच होतं.

"काय त्रास होतोय?"

"विशेष नाही, सहज," साहेब म्हणाले. दातांच्या दवाखान्यात सहज आलेले ते जगातले पहिलेच गृहस्थ असावेत. बाईंनी आरसा घातला, टोचणी घातली आणि एका दाढेपाशी थांबल्या.

"कीड आहे. भरावी लागेल."

साहेबांना धक्काच बसला. त्यांच्या स्वतःच्या तोंडात इतकी वर्षं गळती चालू होती आणि त्यांना पत्ता नव्हता. इंजेक्शन बसलं. अर्धा चेहरा हळूहळू परका झाला. डोकं वळवलं तर खिडकीतून तो दिसत होता. तोच. मान खाली घातलेला, फिकट, भरगच्च. सुन्न झालेल्या तोंडाने साहेब त्याच्याकडे बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इंजेक्शनमुळे असेल, असं समजून बाईंनी कापूस दिला.

"पूर्ण सुन्न व्हायला अजून वेळ लागेल," बाई हात पुसत म्हणाल्या. "मी जरा आत चहा टाकते. मागचं दार उघडं ठेवते, वारा येऊ दे."

आणि गेल्या. जाताना खिडकीच्या कट्ट्यावर एक कात्री ठेवून गेल्या.

साहेबांना वाटलं, नशीब यालाच म्हणतात. गळ्याला बांधलेल्या फडक्यासकट ते खुर्चीतून उतरले, कात्री उचलली आणि अंगणात गेले. घाई अशी होती की एक फांदी कापायची तर चार कापल्या गेल्या, आणि घाबरून आणखी काही. रुमाल पिशवीत, पिशवी खुर्चीपाशी! आतून कपांचा आवाज आला. साहेबांनी सगळ्या फांद्या शर्टाच्या आत कोंबल्या, बटण लावलं आणि धावत येऊन खुर्चीत बसले.

काटे काय असतात हे त्यांना आजवर नुसतं ऐकून माहीत होतं. बाई आल्या आणि त्यांनी खुर्ची मागे झुकवून पार आडवी केली. प्रत्येक फांदी आपापल्या काट्यानिशी जागा शोधू लागली. साहेब "आं" म्हणाले.

"तिथे दुखतंय? आता दुखायला नको," बाई म्हणाल्या आणि आणखी एक इंजेक्शन दिलं.

दाढ भरून होईपर्यंत साहेबांनी जे सोसलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोने शर्ट धुतला म्हणून तिला कळलं. ते एकदाही हलले नाहीत. चोरही निर्धाराने जगतात, हा नवा विचार त्यांना तिथे आडवं पडल्या पडल्या सुचला.

खुर्ची सरळ झाली. बाईंनी हातमोजे काढले आणि शांतपणे म्हणाल्या, "वरची दोन-तीन पानं ठेवा, बाकी काढून टाका. सावलीत ठेवा. आणि कृपा करून उपटून बघू नका."

साहेबांनी हात वर केला. त्यांना म्हणायचं होतं, आपला काहीतरी गैरसमज होतोय. तोंडातून निघालं, "आपा खाई-खई घयसमय..." आणि शर्टाच्या दोन बटणांमधून एक पान बाहेर आलं.

बाई हसल्या. करारी माणसं हसली की फार छान दिसतात. "काका, तुमच्या शेजारच्या काकूंनी मला सगळं सांगून ठेवलंय. तुमची मावशी माझी पेशंट होती. तिच्या फाटकातून मीसुद्धा असाच चोरला हा. तिच्याकडे जायचं, झाडाचं कौतुक करायचं. मग ती म्हणायची, मी चहा टाकते, आणि आत जायची. कट्ट्यावर कात्री ठेवून. दिलेलं झाड जगत नाही ना, म्हणून ती कोणाला देत नसे. सगळ्यांना चोरू द्यायची. आणि आत जाऊन मुद्दाम कप वाजवत बसायची, आपल्याला वेळ मिळावा म्हणून."

साहेबांना एकेक आठवू लागलं. चहा टाकते. दूध उतू जाईल. चष्मा राहिला. दोन वेळा बिचारी गुडघे दुखत असताना आत गेली होती, दोन्ही वेळा ते तिच्या मागोमाग गेले होते, आणि तिसऱ्या वेळी तर त्यांनी तिला जाऊच दिलं नव्हतं. आयुष्यभर ज्या बाईने सगळ्या गावाला इतक्या युक्तीने, इतक्या मायेने, स्वतःचं नाव पुढे न करता गुलाब वाटला, तिच्या स्वतःच्या भाच्याने तिच्याकडून तो पावती घेतल्यासारखा हातात घेतला होता आणि वर आभार मानले होते.

त्यांनी खुर्चीतून उठून बाईंचे आभार मानायला तोंड उघडलं. बाईंनी घाईघाईने हात वर केला.

"काका, मानू नका! मरतील सगळ्या."

चोरलेल्या फांद्या कुंड्यांत लावल्या. या वेळी बायकोने गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते सांगितलं नाही. साहेब काचेतून बघत. सकाळी दात घासून झाले की हात आपोआप पुढे यायचे, ते खिशात घालून ते उभे राहत. न बघता एखादी गोष्ट आहे असं मानणं त्यांना फार जड गेलं. डेपोत एकदा भांडारपालाने सीलबंद खोकं दाखवलं तेव्हा साहेब म्हणाले, "राहू दे, असतील." भांडारपाल घरी जाऊन आजारी पडला म्हणतात.

मग एक दिवस एका फांदीवर लालसर कोंब दिसला. मग दुसरीवर. बायकोने दार उघडलं. साहेबांनी फक्त वास घेतला, मातीचाच होता तो, आणि सेक्रेटरींना कळवायला गेले, की आता ते झाड झालं आहे.

सेक्रेटरी पाहणीला आले. बराच वेळ पाहणी केली. खाली पाणी ठिबकतं का, हे बघायला म्हणून साहेबांना खाली पाठवलं. साहेब वर आले तेव्हा सेक्रेटरी जिना उतरत होते, हात मागे धरून, जरा तिरके तिरके. गॅलरीत एक कुंडी कमी होती.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "चोरी! दिवसाढवळ्या!"

"मोजू नका," बायको म्हणाली.

"पण तो सेक्रेटरी..."

"अहो, त्याची जगेल ना."

साहेब थांबले. जिन्याकडे बघितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले तेव्हा त्यांतून फक्त "हो" निघालं. त्या दिवसापासून ठिबकण्याची तक्रार कधी आली नाही.

मावशी राहायला आली तेव्हा सामान लावून झाल्यावर साहेब तिला काठीच्या आधाराने जिना चढवून वर घेऊन आले. गॅलरीत उरलेल्या कुंड्यांपैकी सगळ्यात मोठीत, अगदी वेळेवर, एक कळी आली होती. मावशी तिच्यासमोर उभी राहिली. बोटाने पानाखालची बाजू चाचपली, वाकून वास घेतला, आणि तशीच वाकलेली राहिली. इतका वेळ, की बायकोने नजर दुसरीकडे वळवली.

"तुझा शब्द पाळलास बाबा," मावशी शेवटी म्हणाली. "दे मला ती."

साहेब पुढे झाले. हात कुंडीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी मावशीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, घसा साफ केला.

"बस तू," ते म्हणाले. "मी चहा टाकतो."

साहेबांनी जन्मात चहा केला नव्हता. मावशी टक लावून बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते आणि सांगता सांगता डोळे पुसते.

साहेब आत गेले. ओट्यापाशी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन कप एकमेकांवर वाजवू लागले. मागून कुंडी फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग मावशीची कुजबुज आली, तिची कुजबुज म्हणजे चारचौघांचं मोठ्याने बोलणं: "हळू गं, हळू! त्याचं लक्ष जाईल. तू ती बाजू धर." कुंडी दारापर्यंत गेली, उंबऱ्याला ठेचकाळली, माती सांडली. दोघी हसू दाबत जिना उतरू लागल्या.

पंचवीस वर्षं ज्यांच्या नजरेतून एक बोल्ट सुटला नव्हता, ते तपासनीस साहेब भिंतीकडे बघत कप वाजवत राहिले. मावशीच्या गुडघ्यांना एक जिना उतरायला बराच वेळ लागतो, म्हणून ते बराच वेळ वाजवत राहिले.